नाळ कुठं पुरली?

"ज्याची नाळ या मातीत पुरलेली, त्याचीच सुपारी घड्यात पडेल! उपऱ्यांची नाही!"

बेलदरीच्या राजा हैबतरावांनी भर दरबारात असं फर्मान काढलं आणि रंगारी आळीत एकच बोंब उठली.

बेलदरीत दर पाडव्याला नगरचौधरी निवडत. देवळासमोर दोन घडे मांडायचे, एक जुन्या चौधऱ्याचा, एक त्याच्याविरुद्ध उभा राहील त्याचा. घरटी एक सुपारी. ज्याच्या घड्यात जास्त, तो चौधरी. गावच्या विहिरी, गल्ल्या, दिवाबत्ती सगळं त्याच्या हातात.

रंगारी आळीतली माणसं नदीपलीकडच्या मुलखातून आलेली. इथं येऊन दहा-बारा वर्षं झाली, पण गाव त्यांना अजून उपरेच म्हणे. त्यांच्या विहिरीचा कठडा ढासळून गेला होता. दाजीबा चौधऱ्याला सांगून सांगून तोंडं दुखली. फर्मान निघताच तो हसून म्हणाला, "तुमची सुपारी नाही, मग तुमचा कठडा तरी कशाला?"

त्या आळीत निंगव्वा राहायची. तिचा थोरला चार वर्षांचा, धाकटा रांगता. थोरल्याला विहिरीत वाकून आपलंच तोंड बघायचा भारी नाद! बिचारी कापड रंगवायला बसली की त्याच्या कमरेला जुनं लुगडं बांधून दुसरं टोक आपल्या पायाला बांधायची. तरी जीव थाऱ्यावर नसायचा. ते फर्मान ऐकलं आणि ती तडक दरबारात गेली.

"महाराज, विहीर आमची, लेकरं आमची, आणि चौधरी निवडणार दुसरेच?"

राजा होता हट्टी. म्हणाला, "बाई, फर्मान ते फर्मान! तू एवढी शहाणी ना? मग पाडव्याला माझा नियम केसभरही न मोडता तुझ्या घरची सुपारी घड्यात टाकून दाखव. टाकलीस तर तुमची सगळी आळी टाकेल. नाही जमलं तर आळीनं बिऱ्हाडं उचलायची!"

आळीतल्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. "अगं भवाने, कठडा राहिला बाजूला, आता घरंही गेली की!"

पाडव्याला देवळासमोर निंगव्वा धाकट्याला कडेवर घेऊन हजर!

"महाराज, याची नाळ आमच्या आळीतल्या लिंबाखाली पुरलीय. हा इथलाच. हा टाकेल सुपारी!"

तिनं सुपारी बाळाच्या मुठीत दिली. बाळानं ती घातली थेट तोंडात! निंगव्वानं घाबरून बोट घालून काढली, तसा दाजीबा पोट धरधरून हसला.

"अगं, सुपारी घड्यात टाकायची, पोटात नाही!"

राजा म्हणाला, "तान्हं पोर चालणार नाही. नाळही इथली हवी आणि अक्कलही हवी."

"बरं," निंगव्वा म्हणाली. "मग तसा माणूस कसा असतो तेवढं दाखवा. पहिला मान आपलाच."

राजानं ऐटीत सुपारी उचलली. हात घड्यावर नेला, तोच निंगव्वानं विचारलं, "महाराज, आपली नाळ कुठं पुरलीय?"

"कुठं म्हणजे? इथंच, वाड्यात!"

मागं चिकाच्या पडद्याआड आईसाहेब बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना.

"अरे हैबती, तू माझा पहिला! पहिलं बाळंतपण माहेरीच असतं की नाही? तुझी नाळ माझ्या माहेरी, गोठ्यामागं पुरलीय. नदीपलीकडं!"

राजाचा हात तसाच लोंबकळला. बायकांमध्ये खसखस पिकली. फर्मान काढताना दरबारातल्या एकाही पुरुषाच्या हे ध्यानात आलं नव्हतं!

निंगव्वा दाजीबाकडं वळली. "चौधरी, तुम्ही थोरले की धाकटे?"

"थो... थोरला," दाजीबा पुटपुटला.

"दादा, द्या ती सुपारी इकडं!" त्याचा धाकटा भाऊ टुणकन पुढं आला. "माझी नाळ इथलीच! आजपासून घरात मी सांगेन तसं!"

झालं! रांगेतले सगळे घरकर्ते थोरले, आणि त्यांच्या मागून सगळे धाकटे सुपाऱ्या ओढायला लागले. "माझी इथली!" "सोड, मी मोठा!" "मोठा असशील, पण उपरा आहेस!" एकाचं पागोटं उडून घड्यात पडलं.

एवढ्यात राजाचे धाकटे बंधू मिशीवर ताव देत म्हणाले, "दादासाहेब, माझा जन्म मात्र वाड्यातलाच हं! सुपारीचं ठीक आहे, पण त्या गादीचं काय करायचं?"

आता मात्र राजाची ऐट उतरली! तो हळूच निंगव्वाजवळ सरकला.

"बाई, हे तू सुरू केलंस, आता तूच आवर!"

"सोपं आहे, महाराज. नाळ कुठं पुरलीय ते विचारूच नका. घागर कुठं भरता ते विचारा! माहेरच्या गोठ्यातून कुणी आपली तहान भागवायला येत नाही. जो इथलं पाणी भरतो, त्यानं इथला चौधरी निवडावा. मग आपणही इथले, मीही इथली, आणि धाकट्या महाराजांनाही गादीची घाई नको!"

राजा असा खदखदून हसला की त्याच्या हातातली सुपारी आपोआप घड्यात पडली!

"फर्मान रद्द! रंगारी आळीची घरटी एक सुपारी आजच पडेल! कठडा माझ्या खजिन्यातून, उद्या सकाळी काम सुरू! आणि बाईला जरीकाठी लुगडं द्या. आणखी काय हवं? माग, बाई!"

"आज रांगेत पहिला नंबर द्या, महाराज," खांद्यावर पेंगलेल्या बाळाला थोपटत निंगव्वा म्हणाली. "हा उठून रडायला लागला, की मग इथं तुमचंही फर्मान चालायचं नाही!"