राजाचा पानडबा

कोण्या एका राज्यात निळी भुकटी शिरली. डोंगरापलीकडचा एक मांत्रिक ती चोरून धाडी. चिमूटभर जिभेवर ठेवली की दुःख नाही, भूक नाही, आई नाही, बाप नाही. माणूस उघड्या डोळ्यांनी झोपे. कोतवाल रणधवलाची एकुलती लेक केतकी तशीच पडली होती. बाप हाका मारी, लेक आढ्याकडे पाही.

राजा धवलकीर्तीने दवंडी पिटवली, "ज्याच्यापाशी भुकटी सापडेल, त्याचं मस्तक उडेल." मस्तकं उडाली ती हमालांची, गाडीवानांची. आजार रेड्याला, औषध पखालीला! भुकटी येतच राहिली.

थकलेला कोतवाल उंबराखाली टेकला, तो फांदीवरचा लाल डोळ्यांचा भारद्वाज पक्षी बोलला, "तीन कामं कर. डोंगरापलीकडं ज्या फुलांची भुकटी होते, त्यांचं रान जाळ. ती ज्या खिंडीतून येते, ती खिंड बुजव. आणि राज्यात जे कुणीच उघडून पाहत नाही, ते उघड. ते झाकलेलं राहिलं, तर पहिली दोन फुकट."

कोतवालाने रान जाळले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा फुलले. खिंड बुजवली; दगडांना वाट फुटली. मग गोण्या उघडल्या, देवळाचं कोठार उघडलं, बायकोची पेटीसुद्धा उघडली. घरात चार दिवस अबोला झाला.

उरली राजाची पालखी. ती वेशीतून जाताना पहारेकऱ्यांनी मान खाली घालावी, असा रिवाज होता. रणधवलाने वीस वर्षं तो पाळला होता. त्या सकाळी त्याने पालखी अडवली. आत राजाच्या मांडीशी त्याचा पानडबा होता; त्याला कधी कुणी हात लावला नव्हता.

"महाराज, पानडबा उघडा."

भोई थिजले. राजा म्हणाला, "कोतवाल, जीव जड झाला?"

"लेक पडून आहे, महाराज. जीव तिथंच अडकलाय."

राजाने डबा उघडला. विड्यांखाली निळी भुकटी होती.

"राणी गेली आणि माझी झोप गेली. मांत्रिकानं औषध म्हणून धाडली, मी रोज रात्री कणभर घेत राहिलो. आता उडव मस्तक. दवंडी माझीच आहे."

"मस्तकं पुष्कळ उडाली, महाराज. दवंडी बदला."

राजाने भुकटी रस्त्यावर ओतली, तशी तिची माती झाली. पलीकडे रान वाळले, मांत्रिकाचा धुरळा उडाला. राजा राणीसाठी पहिल्यांदा रडला, भर वेशीत. नवी दवंडी फिरली, "भुकटीने ग्रासलेल्यानं पुढं यावं, त्याला वैद्य मिळेल."

घरी केतकीची पापणी लवली. "बाबा, केस कधी पिकले तुमचे?" तिने विचारले, आणि कोतवाल ओक्साबोक्शी रडला.

उडालेली मस्तकं मात्र परत आली नाहीत. त्या घरांच्या उंबऱ्यांशी राजा अनवाणी गेला. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. तेव्हापासून वेशीत आधी राजाचा डबा उघडतात, मग गाडीवानाची गोणी.