सारंगधर न्यूझीलंडला जातो

मेहकरच्या पुढे आडवाटेला उमरखेडी म्हणून एक गाव आहे. त्या गावात सारंगधर नावाचा एक भोळा इंजिनियर राहायचा. इंजिनियर तो खरा होता. विजेच्या शाखेची पदवी त्याने पहिल्या वर्गात घेतली होती. कोणती मोटार किती करंट ओढते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बरोबर सांगायचा. पण कोणी काही काम सांगितलं की त्यातला शब्द तेवढा त्याच्या डोक्यात शिरायचा, अर्थ बाहेरच राहायचा. एकदा त्याच्या मायने त्याला दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. दूध उतू गेलं, चूल विझली. तू काय करत होतास, असं तिने विचारलं. तो म्हणाला, लक्ष ठेवत होतो.

गाव त्याला हसायचं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, पण गिरजाबाईला, म्हणजे त्याच्या मायला, ते फार लागायचं. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेत कसून पोराला शिकवलं होतं. पोरगा गुणाचा आहे, फक्त हे गाव त्याच्यासाठी बरं नाही, असं तिचं म्हणणं. इथून इतक्या लांब जावं की तिथे त्याला ओळखणारं कोणी नसावं. म्हणून परदेशात नोकरी शोध, असा लकडा तिनेच त्याच्या मागे लावला.

सारंगधर बुलढाण्याला आपल्या कॉलेजातल्या वानखडे सरांकडे गेला. सर प्रेमळ होते, पण बोलताना घाईत असायचे. ते म्हणाले, "बाहेरच्या देशात काम करायचं तर व्हिसा लागतो आणि व्हिसाला प्रायोजक लागतो. आधी प्रायोजक गाठ. बाकी सगळं नंतर."

प्रायोजक कोण असतो हे सारंगधरला चांगलं ठाऊक होतं. उमरखेडीच्या कबड्डीच्या सामन्यांना दरवर्षी राठीशेठचं फरसाणाचं दुकान प्रायोजक असायचं. तो थेट राठीशेठकडे गेला आणि मी परदेशात चाललोय, मला प्रायोजक व्हा, असं म्हणाला. आपल्या शेवेचं नाव परदेशात जाणार म्हटल्यावर शेठला आनंद झाला. त्यांनी कबड्डीच्या संघाचा उरलेला एक पिवळा टी-शर्ट काढून दिला. पुढे लिहिलं होतं, राठी फरसाण मार्ट. मागे दुकानाचा फोन नंबर होता.

पुढच्याच आठवड्यात बुलढाण्यात नोकरीचा मेळावा भरला. न्यूझीलंडमधल्या एका कंपनीसाठी माणसं निवडायला कुलथे साहेब म्हणून एक गृहस्थ आले होते. सगळी पोरं पांढरे शर्ट घालून बसली होती. मधोमध हा पिवळा. कुलथे साहेबांनी त्याची गुणपत्रिका पाहिली आणि त्यांना ती पसंत पडली. मग व्हिसाचा विषय निघाला. सारंगधर म्हणाला, प्रायोजक झालाय. साहेबांनी विचारलं, कोण? सारंगधर उठून उभा राहिला, वळला आणि त्याने पाठ दाखवली. साहेबांनी नंबर लिहून घेतला. पण तो शेवेसाठी.

वानखडे सरांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, प्रायोजक म्हणजे कंपनीच. जी नोकरी देते तीच व्हिसाही काढून देते. शेवेचं काय घेऊन बसलास? त्या कुलथे साहेबांना तू आवडलायस ना? मग आता नेटाने पाठपुरावा कर. पिच्छा सोडू नकोस."

सारंगधरने मान डोलावली. बाहेर आला आणि त्याने पाठपुरावा सुरू केला.

कुलथे साहेब बुलढाण्यात एका लॉजवर उतरले होते. ते सकाळी चहाला बाहेर पडले, तर त्यांच्या पाठीमागे सारंगधर. ते चप्पल शिवून घ्यायला थांबले, तर पाठीमागे सारंगधर. साहेब वळले की हा थांबायचा. साहेब चालले की हा चालायचा. साहेब दाढीला न्हाव्याकडे गेले. तोंडाला साबण लावून झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं, तर खुर्चीच्या मागे पिवळा टी-शर्ट घातलेला माणूस हाताची घडी घालून उभा.

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"काही नाही," सारंगधर म्हणाला. "पाठपुरावा चाललाय."

दुपारी साहेबांना चिखलीला त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. सारंगधरही त्यांच्या मागोमाग गेला. तिथे मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटला आणि मुलाकडच्यांना मुलीकडचा. त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, आहेरात टोपी-उपरणं दिलं. निघताना मात्र मुलाच्या आजोबांनी साहेबांना बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्यावर पोलिसांनी माणूस ठेवलाय का? त्यानंतर साहेबांनी वानखडे सरांना फोन केला. ते काय म्हणाले ते सरांनी कोणाला सांगितलं नाही. पण सारंगधरला बोलावून ते शांतपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आता घरी जा. तिकडून बोलावणं येईल. बोलावल्याशिवाय जागचं हलायचं नाही. समजलं?"

सारंगधरला समजलं.

तो घरी आला आणि बोलावण्याची वाट पाहू लागला. गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. गिरजाबाईने त्याला विहिरीवर मोटार चालू करून बसायला सांगितलं आणि ती बांधाच्या पलीकडे निंदायला गेली. थोड्या वेळाने स्टार्टरच्या पेटीतून धूर निघायला लागला. सारंगधरने धुराकडे पाहिलं. कॉइल जळतेय, हे त्याने ताबडतोब ओळखलं. आता मोटारही जळणार, हेही त्याला कळलं. त्याप्रमाणे मोटार जळली.

वास आला तशी गिरजाबाई खुरपं टाकून धावत आली. पोरगा पेटीसमोर ताठ उभा होता.

"काहून उभा हायेस रे असा?" ती म्हणाली.

"मले कोनी बोलावलंच नाही, माय."

गिरजाबाई विहिरीच्या कठड्यावर बसली. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. ती नुसती वाफ्यांकडे पाहत राहिली. अर्ध्या गव्हाला पाणी मिळालं होतं, अर्धा कोरडाच होता. सारंगधरने सांगितलेलं सगळं नीट केलं होतं, तरी माय अशी का बसली, हे त्याला कळेना. पण ती अशी बसलेली त्याला पाहवेना. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, काय करायला पाहिजे होतं ते सांग, पुढच्या वेळी तसंच करीन.

गिरजाबाईने पदराने तोंड पुसलं. "जळल्याचा वास आला का कोनाले इचारायचं नाही, कोनाची वाट पाह्यची नाही. हातातलं टाकायचं अन् आधी मेन स्विच पाडायचा. घर कोनाचंही असो."

सारंगधरने ते मनात घट्ट धरलं.

वानखडे सरांनी बरीच विनवणी केल्यावर कुलथे साहेब एका गोष्टीला तयार झाले. त्यांच्या संभाजीनगरच्या कचेरीत सारंगधरची मुलाखत घ्यायची, आणि न्यूझीलंडचे साहेब लोक पडद्यावरून त्याला प्रश्न विचारणार. या वेळी सरांनी त्याला पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला आणि जास्त काही सांगायचं टाळलं.

मुलाखत झकास सुरू झाली. पडद्यावर दोन साहेब आणि एक बाई होत्या. त्यांनी ट्रान्सफॉर्मरबद्दल विचारलं, सारंगधरने सांगितलं. केबलबद्दल विचारलं, तेही सांगितलं. इंग्रजी बोलताना तो अडखळत होता, पण चुकत नव्हता. कुलथे साहेब कोपऱ्यात बसले होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. आपण निवडलेला माणूस चांगला निघाला, असं त्यांना वाटू लागलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कचेरीतल्या बाईंनी गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली.

सारंगधर बोलता बोलता थांबला. त्याने नाक वर केलं. हातातला पेन टाकला, उठला, दार उघडून बाहेर गेला, जिन्याखालचा बोर्ड शोधून काढला आणि सगळ्या इमारतीचा मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखे गेले, पडद्यावरचे साहेब गेले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. तिच्यात कचेरीचे सर्वांत मोठे साहेब होते. सारंगधर परत येऊन अंधारात आपल्या खुर्चीवर बसला आणि कुलथे साहेबांना म्हणाला, आता काळजी नाही.

कोणीतरी जिन्याखाली जाऊन स्विच वर केला, तेव्हा वीज आली. पडद्यावर न्यूझीलंडची मंडळी पुन्हा दिसू लागली. काय झालं, असं त्यांनी विचारलं. कुलथे साहेबांना घाम फुटला होता, खोटं सुचेना. ते म्हणाले, उमेदवाराला जळल्याचा वास आला, म्हणून त्याने मुलाखत सोडून आधी मेन स्विच बंद केला. उदबत्तीचं त्यांनी काही सांगितलं नाही. लिफ्टचं तर नाहीच.

न्यूझीलंडची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग त्यातल्या बाई म्हणाल्या, की आम्ही सगळ्यांना सुरक्षेचा प्रश्न विचारतो आणि सगळे आम्हाला पुस्तकातलं उत्तर देतात. करून दाखवणारा हा पहिलाच. आम्हाला असाच माणूस हवा.

अशी सारंगधरला नोकरी लागली. व्हिसा कंपनीने काढला, तिकीटही कंपनीनेच पाठवलं.

उमरखेडीत त्याचा सत्कार झाला. जे हसायचे त्यांनीच हार घातले. राठीशेठने शेवेचं पुडकं दिलं. गिरजाबाईने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "जाय बाप्पा. तिथं तुले कोनी हासनार नाही." मग बोलायला वानखडे सर उठले. पुष्कळ बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण याला जास्त सांगून चालत नाही, हे त्यांना आठवलं. ते एवढंच म्हणाले, "सारंगधर, तू आता उंच जाणार. कितीही उंच गेलास तरी पाय जमिनीवर ठेव. माझं एवढं ऐक."

सारंगधर विचारात पडला. मुंबईपर्यंत अडचण नव्हती, एसटीची चाकं जमिनीवरच असतात. विमानाचं काय? विमान वर गेलं की पाय जमिनीवर राहणार कसे? पण तो विजेचा इंजिनियर होता. यंत्राची जमीन करायची, म्हणजे अर्थिंग करायचं, तर खड्डा खणून त्यात माती, मीठ आणि कोळसा भरतात, हे त्याला पाठ होतं. त्याने आपल्या मापापेक्षा मोठे बूट घेतले. अंगणातली माती चाळली, तिच्यात मीठ आणि कोळशाची पूड कालवली, ती दोन्ही बुटांत भरली आणि वर पाय रोवले.

विमानतळावर तपासणीला बूट काढायला सांगितलं. सारंगधरने एका वेळी एकच काढला, म्हणजे एक पाय जमिनीवर राहिला. तिथला जवान मातीकडे पाहत राहिला आणि हे काय आहे, असं त्याने विचारलं. आमच्या गावची जमीन आहे, असं सारंगधरने सांगितलं. जवानही कुठल्यातरी लांबच्या गावचा असावा. त्याने चिमूटभर माती बोटांत घेऊन पाहिली, परत बुटात टाकली आणि त्याला जाऊ दिलं.

विमानात बाई पाणी घेऊन आल्या. त्याने आभार मानले आणि अर्धा पेला उजव्या बुटात, अर्धा डाव्या बुटात ओतला. अर्थिंगला ओल लागते. बाईंनी आणखी हवं का, असं विचारलं. तो म्हणाला, आता नको, रात्री एकदा लागेल.

न्यूझीलंड आलं. सामान तपासायला एक बाई उभ्या होत्या. सारंगधर चालला की फरशीवर काळा चिखल उमटत होता. बाईंनी त्याला थांबवलं, त्याचे कागद पाहिले. कागद चोख होते. मग त्यांनी बुटाकडे बोट दाखवलं. त्या नम्रपणे म्हणाल्या, की आमच्या देशात बाहेरची माती आणायला मनाई आहे. तुम्ही या, तुमचं स्वागत आहे, पण बूट इथे सोडावे लागतील.

सारंगधरनेही नम्रपणे सांगितलं, की सरांना शब्द दिलाय, पाय जमिनीवरून उचलता येणार नाहीत.

बाईंनी थोडा विचार केला. त्या समजूतदार होत्या. त्यांनी आपला पाय खाली आपटून दाखवला आणि म्हणाल्या, "ही पण जमीनच आहे. यावर ठेवा पाय."

सारंगधर खाली वाकला. त्याने बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं. मग सरळ झाला. "ही फरशी आहे," तो म्हणाला.

जमीन दाराबाहेर आहे, असं बाई म्हणाल्या. मग आधी मला दाराबाहेर सोडा, जमिनीवर उभा राहून लगेच बूट काढून देतो, असं सारंगधर म्हणाला. आधी बूट, मग दार, असं बाई म्हणाल्या. बाईंचे साहेब आले, त्यांचे साहेब आले. कंपनीच्या माणसाने दाराबाहेरून फोनवर समजावलं. सगळे फार चांगलं बोलले. सारंगधरही सगळ्यांशी चांगलं बोलला. शेवटी त्याला परतीच्या विमानात बसवलं. जाताना त्याने पाणी मागून घेतलं.

तो उमरखेडीला पोचला तेव्हा गिरजाबाई अंगण झाडत होती. पोराला दारात पाहून तिच्या हातातला खराटा गळून पडला. काय झालं, तिथे कोणी हसलं का, असं तिने विचारलं.

"नाही माय, कोनी हासलं नाही. मानसं लई चांगली हायेत," सारंगधर बूट झटकत म्हणाला. "पन एवढा मोठा देश, अन् जमीन म्हनून नाही त्याईच्याकडे. नुसती फरशीच."