दाराशी पाणी

वसईकडच्या एका गावात एकदा एक तरुण धर्मगुरू नेमणुकीवर आला. गावचे वडील धर्मगुरू सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या हाताखाली त्याने शिकावे, अशी योजना होती. तरुण मनाने निर्मळ होता, फक्त लोकांना सुधारण्याची त्याला फार घाई.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ उद्यावर आला असता वडील धर्मगुरू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेले. चर्चच्या दाराशी एक दगडी कुंडी होती. येणारा-जाणारा तिच्यातल्या आशीर्वादित पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करी. तरुणाने ते पाणी काढून कुंडीत वाळू भरली. चाळीस दिवस लोकांना तहान लागू दे, म्हणजे ईस्टरच्या नव्या पाण्याचे मोल कळेल, असा त्याचा हिशेब. स्वारी स्वतःवर बेहद्द खूश होती.

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच सकाळी, बस्त्याव आला. हा केळीचा म्हातारा बागायतदार. बायकोची शवपेटी चर्चच्या ज्या दारातून बाहेर पडली, ते दार त्याने सहा वर्षांत ओलांडले नव्हते. देवाशी अबोला धरला होता म्हणा ना. तरी रोज बागेत जाताना तो दाराशी थांबे, पाण्यात बोट बुडवी, कपाळाला लावी आणि चालू लागे. त्या दिवशी बोट वाळूत गेले. त्याने ते सदऱ्याला पुसले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

"त्याचं देवाशी तेवढंच बोलणं उरलं होतं, फादर," चर्च झाडणाऱ्या बाई म्हणाल्या.

तरुण कुंडीपर्यंत गेला. पण वाळू काढायची तर चूक गावासमोर कबूल करावी लागणार, आणि ते काही जमेना.

आठवड्याने वडील धर्मगुरू काळा चष्मा लावून परतले. कुंडीत बोट घातले. वाळू उपसली, कुंडी काथ्याने घासली, पाणी आशीर्वादून भरले आणि डॉक्टरांनी बजावलेले विसरून भर उन्हात बस्त्यावच्या बागेपर्यंत चालत गेले. आले ते केळ्यांची फणी घेऊन.

"काय सांगितलंत त्याला?" तरुणाने खालमानेने विचारले.

"पाणी भरलंय, एवढंच." मग ते हसले. "अरे, आपण उपवासवाल्याला विचारतो ना, तुला काय काय चालतं म्हणून? पाणी सगळ्यांनाच चालतं. हे तर बाप्तिस्म्याच्या आठवणीचं पाणी. पश्चात्तापाला निघालेल्या माणसाचं तेच कसं तोडायचं?"

दुसऱ्या दिवसापासून बस्त्याव पुन्हा येऊ लागला. दारापर्यंतच, पण रोज.

पाच आठवडे गेले. ख्रिस्ताच्या मरणाचा शुक्रवार उजाडला, आणि तरुण पाहतो तो काय, वडील धर्मगुरूंनी स्वतःच्या हाताने कुंडी रिकामी केली होती. पाणी तगरीच्या मुळाशी ओतले होते आणि आता ते फडक्याने दगड कोरडा करीत होते.

"फादर, बस्त्यावची यायची वेळ झाली," तो घाबरून म्हणाला. "या खेपेला गेला तर परत यायचा नाही."

वडील धर्मगुरू दगड पुसत राहिले. तेवढ्यात बस्त्याव आलाच. त्याचे बोट कोरड्या दगडावर फिरले.

"पाणी नाय, फादर?"

"आज घरात मयत आहे, बस्त्याव. परवा नवं पाणी मिळेल."

बस्त्याव उभा राहिला. मयताच्या दारावरून कोणी परत फिरत नाही, हे त्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही. त्याने घरात शिरताना काढाव्यात तशा चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. समोर वस्त्रे उतरवलेली वेदी उघडी-बोडकी होती.

तरुणाचे डोळे भरून आले. "मीही कुंडी कोरडीच केली होती, फादर."

"तुझ्या वाळूने त्याला सांगितलं, तू अजून लायक नाहीस," वडील धर्मगुरू हलकेच म्हणाले. "आज आपणच दुःखात आहोत, हे त्याला कळलं. दुःखातल्या माणसाला भेटायला तो नक्की आत येतो. आता जा. त्याला एकट्याला बसू देऊ नये."

तरुण आत गेला. सांत्वनाचे चार शब्द त्याच्या ओठांवर आले होते, ते त्याने गिळले. बस्त्यावने वर पाहिले आणि थोडे सरकून त्याला जागा करून दिली.