रांजणाचा गड

एका गावात एक कुंभार राहत होता. त्याला गिरजा नावाची मुलगी होती आणि गिरजेचं एक कुत्रं होतं, तोफ्या. पिल्लू असताना ते अंगापेक्षा मोठ्या आवाजात भुंकायचं, म्हणून कुंभारानं हौसेनं हे नाव ठेवलं. पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दिवाळीचा पहिला फटाका वाजला की तोफ्याची शेपटी पायांत जायची आणि सगळं अंग थरथरायला लागायचं.

गाव हसायचं. "तोफ्या म्हणे! लवंगीला भितोय!" हसणाऱ्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरत नसे. दिवाळी आहे हे आपल्याला माहीत असतं, कुत्र्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी अचानक आभाळ फुटत असतं आणि घरचीच माणसं दात काढून हसत असतात.

गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांनी कुंभाराला शहाणपण शिकवलं होतं. "भीती मोडायची तर कुत्र्याला फटाक्याजवळ न्यावं. एकदा नीट बघितलं की झालं." कुंभार बिचारा ऐकणाऱ्यांतला. त्यानं तोफ्याला उचलून अंगणात नेलं. पहिल्याच बाराला तोफ्यानं त्याच्या हातातून उडी मारली आणि पळाला तो थेट डोंगराकडच्या रानात. त्या रानात बिबट्या होता. त्याच दिवाळीत गुरवाचं कुत्रं तिकडे गेलं ते परत आलंच नाही. तोफ्या आला, पण भाऊबीज उलटून गेल्यावर, एक पाय उचलून लंगडत. गिरजेनं त्याला मांडीवर घेतलं आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, "बाबा, पुढच्या दिवाळीला मी याला पळू देणार नाही."

त्या गावात दिवाळीच्या किल्ल्यांची मोठी चुरस असे. घरोघरी मुलं दगडमातीचे किल्ले करत, उतारांवर अळीव पेरत, मातीचे मावळे उभे करत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटील सगळे किल्ले बघत फिरत आणि सर्वांत चांगल्या किल्ल्यावर गावाचं मानाचं निशाण रोवत. कुंभाराच्या अंगणात ते निशाण कधी आलं नव्हतं. आपला सगळा जन्म मातीत गेला आणि मातीच्या किल्ल्याचा मान मात्र दरवर्षी दुसऱ्यालाच, हे कुंभाराला फार सलायचं.

दसरा झाला तशी गिरजा कामाला लागली. भट्टीत तडकलेला एक भलामोठा रांजण परसात पडून होता. तो तिनं घरंगळत अंगणात आणला आणि भिंतीशी आडवा केला. आत पेंढा अंथरला, पेंढ्यावर आपली जुनी गोधडी घातली. रोज संध्याकाळी तोफ्याची भाकरी ती त्या रांजणात ठेवू लागली. सुरुवातीला तोफ्या मान आत घालायचा आणि भाकरी ओढून बाहेर आणायचा. मग आत बसून खाऊ लागला. पुढे पुढे तर खाऊन तिथेच ताणून देऊ लागला. तेव्हा कुठे गिरजेनं रांजणावर दगड रचले, त्यावर हातभर जाड चिखल थापला आणि तट, बुरूज काढले. रांजणाचं तोंड तेवढं उघडं ठेवलं.

"अगं, दरवाजा केवढा हा! यातून हत्ती जाईल," कुंभार म्हणाला.

"तोफ्या गेला म्हणजे झालं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गिरजेनं तोफ्याला उजेडातच ओढ्यापर्यंत फिरवून आणलं, दिवे लागायच्या आत त्याला जेवू घातलं आणि गडाच्या तोंडाशी पाण्याचं वाडगं ठेवलं. तोफ्या आपणहून आत जाऊन बसला.

तेवढ्यात पाटील आले. हातात निशाण, मागे निम्मं गाव. पाटलांनी तट पाहिले, बुरूज पाहिले आणि मान डोलावली.

"वा! कुंभाराचं रक्त आहे! पण पोरी, दरवाजाआतल्या या गुहेत दिवा का नाही?"

"आत तोफ्या आहे, आजोबा."

मागून हशा उठला. "किल्ला आहे की कुत्र्याचं खोपटं?"

पाटीलही हसले. "त्याला काढ बाहेर आणि बांध कुठंतरी. गुहेत पणती ठेव. हे निशाण आत्ता तुझ्या किल्ल्यावर लावतो."

कुंभार निशाणाकडे टक लावून पाहत राहिला. गिरजेलाही ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. इतक्यात वेशीवर संध्याकाळचा पहिला बार उडाला. गिरजेनं रांजणात हात घातला. तोफ्या कापत होता, पण जागचा हलला नव्हता.

"नाही काढणार," ती म्हणाली. "ही जागा मी त्याला दिलीय. निशाणासाठी त्यालाच बाहेर काढायचं, तर मग हा गड कसला?"

"मर्जी तुझी," पाटील म्हणाले. "आमचा सरदार बघ. दाराशी साखळीनं बांधलाय. बांधलेलं कुत्रं जातंय कुठं?"

असं म्हणून ते पुढे गेले आणि निशाण सोनाराच्या मुलाच्या किल्ल्यावर लागलं. त्या किल्ल्यात पाण्याचं कारंजं होतं. कुंभारानं एक सुस्कारा सोडला, पण मुलीला तो एका शब्दानं बोलला नाही.

अंधार पडला आणि पाटलांच्या दारात लांबलचक लड लागली. ती संपून धूर निवळला तेव्हा दाराशी साखळी होती, साखळीला पट्टा होता, पण सरदार नव्हता. भेदरलेल्या कुत्र्यानं पट्ट्यातून मान सोडवून घेतली होती.

सरदार म्हणजे पाटलांचा जीव की प्राण. पाटलीणबाईंनी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं आणि आता त्या राहिल्या नव्हत्या. माणसं कंदील घेऊन, "सरदार! सरदार!" ओरडत चहूकडे धावली. कोणीतरी म्हणालं, "रानाकडे गेला असेल." ते ऐकताच पाटलांनी स्वतः कंदील उचलला.

तोच कुंभार धावत आला. "पाटील, आमच्या अंगणात चला. पण हळू चला आणि ओरडू नका."

गिरजा गडाच्या तोंडाशी बसली होती. आत गोधडीवर तोफ्या होता आणि त्याला बिलगून सरदार.

"धावत आला आणि सरळ आत शिरला," गिरजा म्हणाली. "तोफ्या थोडा सरकला."

"सरदार!" पाटलांनी हाक मारली. सरदार आणखी आत दबला.

"मोठ्यानं नको, आजोबा. ओढूही नका. नुसते बसा."

नवं कोरं धोतर नेसलेले पाटील त्या पोरीच्या शब्दासरशी चिखलात बसले. त्यांनी हात नुसता आत ठेवला. बऱ्याच वेळानं आतून एक ओली जीभ त्यांच्या बोटांना लागली. एवढा मोठा माणूस, पण सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

मग ते उठले. "फटाके वेशीबाहेर लांब माळावर न्या. घरांपाशी आता एकही वाजता कामा नये. आणि ते निशाण इकडे आणा. ज्याच्यात शिरलं की जीव वाचतो, तो गड. आम्ही इतकी वर्षं कारंजी बघत बसलो."

सोनाराचा मुलगा निशाण घेऊन आला. पाटलांनी ते बुरुजावर धरलं आणि ठोकायला दगड उचलला.

गिरजेनं त्यांचा हात धरला. "आत्ता नको, आजोबा. ठोकलं की दोघं दचकतील. सकाळी लावू."

पाटलांनी दगड खाली ठेवला.

पाडव्याच्या सकाळी दोन्ही कुत्री आळोखेपिळोखे देत बाहेर आली, आणि त्यानंतरच कुंभाराच्या अंगणात मानाचं निशाण लागलं. त्या गावात आजही किल्ल्याचा दरवाजा आधी कुत्र्याच्या मापानं ठेवतात. मावळे मागाहून येतात.

तात्पर्य: सण आपल्याला कळतो, मुक्या जिवाला नाही. आधी त्याला आडोसा द्यावा, मग आपले दिवे लावावेत.