पिवळं चाक

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा गुरं माणसांशी बोलत असत. फार नाही, कामापुरतंच. तहान लागली, जू खुपतंय, वाट चुकली, एवढंच. बाकी वेळ ती गप्प राहत, कारण माणसाला फार ऐकून घेता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्या काळी एका गावात एक गाडीवान राहत होता. त्याच्याकडे एक बैलगाडी आणि दोन बैल होते. एकाच्या कपाळावर पांढरी चंद्रकोर होती, म्हणून तो चांद्या. दुसरा नुसताच तांबडा. चांद्या आठ दिवसांचा होता तेव्हा त्याची आई मेली. गाडीवानाने दुधात बोटं बुडवून बुडवून त्याला जगवलं. तेव्हापासून धन्याच्या हातून जे येईल ते चांद्या डोळे मिटून खाई.

गाडी जुंपण्याआधी दोघांनाही तळहातावरून गुळाचा एकेक खडा मिळे. त्यात कधी खंड पडला नव्हता.

गाडीवान तसा भला माणूस. बैलांना त्याने कधी चाबूक लावला नाही. पण एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. वऱ्हाड परत येताना नवरी ज्या गाडीत बसे, त्या गाडीची आणि तिच्या मालकाची वर्षभर गावात चर्चा होई. याची गाडी मजबूत होती, पण रंग उडालेली. त्यामुळे याच्या गाडीत भांडी आणि गाद्या जात, आणि हा सगळ्यांच्या मागून सगळ्यांची धूळ खात येई.

त्या वर्षी पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. पाटील म्हणाले, "ज्याची गाडी देखणी, त्याच्या गाडीतून माझी सून येईल."

गाडीवान तडक रंगाऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने मजुरी सांगितली, ती ऐकून याने मान हलवली. "रंग तेवढा द्या बाबा. लावतो मी घरीच."

रंगाऱ्याने पिवळ्याधमक हरताळाची पुडी बांधली, पण हातातून सोडली नाही. "नीट ऐक. हरताळ विषारी असतो. जवसाच्या तेलात घोट, पातळ पातळ हात दे आणि आठ दिवस उन्हात वाळू दे. मग तो लाकडाला धरून बसतो."

"आठ दिवस कुठले? पाच दिवसांवर लग्न आलंय."

"मग गेरू लाव. गेरूने कुणी मरत नाही."

पण गेरू तर सगळ्यांच्याच गाड्यांना होता. गाडीवान पुडी घेऊन घरी आला.

त्याने काम मात्र मन लावून केलं. विटेच्या तुकड्याने जुना रंग खरवडला. भेगांत भुसा आणि डिंक भरला. शिंदीची काडी ठेचून कुंचला बनवला. तेलापाशी येऊन मात्र हात अडला. तेल महाग, शिवाय वाळायला वेळ. त्याने विचार केला, भिंतीच्या चुन्यात आपण गूळ घालतोच की. धरतोही आणि चमकतोही. मग घरातली गुळाची अख्खी ढेप फोडून त्याने पाण्यात उकळली आणि त्यात हरताळ कालवला.

"अहो, बैल चाटतील ना," बायको म्हणाली.

"लांब बांधतो. एका लग्नापुरतं तर आहे. पुढे सवडीने तेलाचा हात देऊ."

रंग पुरला नाही. गाडीचा पुढचा भाग आणि उजवं चाक पिवळं झालं, डाव्या चाकाला गेरूवर भागवावं लागलं. लोकांना उजवी बाजू दाखवायची, म्हणजे झालं, असं त्याने ठरवलं. आणि खरं सांगायचं तर ती बाजू फार सुंदर दिसत होती.

लग्नाच्या सकाळी बायकोने त्याला हाक मारली. पिवळ्या चाकाखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता. तिने नुसतं बोट दाखवलं. गाडीवानाने क्षणभर पाहिलं, मग केरसुणी आणून मुंग्या झाडून टाकल्या. ती काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

बैल जुंपताना चांद्याने तळहात हुंगला. "धनी, गूळ?"

"आज नाही रे. संपला. परत आल्यावर देईन."

पाटलांनी गाडी पाहिली आणि सून हिच्यातूनच येईल असं सांगून टाकलं. गाडीवानाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी तो सगळ्यांच्या पुढे चालला होता, आणि धूळ मागच्यांच्या वाट्याला होती.

मुलीकडच्या गावी मांडवासमोर त्याने गाडी अशी उभी केली की पिवळं चाक लोकांकडे यावं. मग वाटेवरच्या मुक्कामाला सगळे गाडीवान करतात तेच त्यानेही केलं. बैल सोडले आणि चाकांना बांधले. तांबडा डावीकडे, चांद्या उजवीकडे. हाताला सवय होती, हाताने बांधलं. मन मांडवात होतं.

ऊन चढलं तसा गूळ पाघळू लागला. आत पंगती उठत होत्या, बसत होत्या.

नवरी गाडीपाशी आली तेव्हा चांद्या गुडघ्यांवर बसला होता. तोंडातून फेस गळत होता आणि फेस पिवळा होता. गाडीवान धावला. त्याने ताक पाजलं, पाणी पाजलं. काही आत राहिलं नाही.

"चांद्या, चाटलंस का रे ते?"

"गुळाचा वास आला, धनी. तुमच्या हाताचाही आला." चांद्याला बोलायला फार कष्ट पडत होते. "मला वाटलं, सकाळी राहिलेला माझा खडा तुम्ही तिथं लावून ठेवलात."

त्यानंतर तो बोलला नाही. नवरीला दुसऱ्या गाडीत बसवून वऱ्हाड घाईने निघून गेलं. अशा गाडीकडे कोणी वळून बघत नाही.

गाडीवानाने चांद्याला तिथेच माळावर पुरलं. मग जुवाची एक बाजू तांबड्याच्या मानेवर ठेवली, दुसरी आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघांनी ती देखणी गाडी घरी ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारून गुळाचा खडा मागून आणला. तळहातावर ठेवून तांबड्यापुढे धरला.

"खा रे. हा चांगला आहे."

तांबड्याने वास घेतला आणि मान फिरवली.

तो पुढे बारा वर्षं जगला. गाडीही ओढली. पण बोलला नाही, आणि धनी वैरण टाकून दूर गेल्याशिवाय त्याने तिला तोंड लावलं नाही. हळूहळू त्या गावातली बाकीची गुरंही बोलेनाशी झाली, मग शेजारच्या गावातली. आज कुठलंच जनावर माणसाशी बोलत नाही.

बोध: देखणं दिसण्यासाठी आपण जिथे काटकसर करतो, तिथे किंमत मोजतो तो आपल्यावर डोळे मिटून विसंबलेला जीव.