झाकण नसलेले मडके

भाजीच्या टोपलीतून जे उतरले त्याचे नाव पुन्हा घ्यायचे नाही, असा त्या राज्याचा नियम होता. का, हे विचारायचे नाही, हाही त्याच नियमाचा भाग होता. रोज सकाळी विळी बसे. सोललेले कढईकडे मानाने जात. सोलून काढलेले मागच्या दाराशी टांगलेल्या काळ्या पिशवीत जात. मग पिशवीचे तोंड आवळले जाई आणि गाडी तिला सीमेपलीकडच्या डोंगरावर टाकून येई.

डोंगर दरवर्षी वाढत होता. त्याच्या पोटातून धूर निघे, आणि वारा फिरला की तो थेट टोपलीपर्यंत येई. टोपलीतले वडीलधारे त्याला धुके म्हणत.

त्यांच्यात सर्वांत थोर लाल भोपळा. महिनोन्महिने न नासता बसून राहणे हीच त्याची कर्तबगारी, आणि तिच्याच जोरावर तो न्याय देई. त्याचा सल्लागार सुरण. सुरण बोलला की ऐकणाऱ्याच्या घशाला खाज सुटे.

एका सकाळी दोडका सोलला गेला. त्याची साल हिरवीगार होती आणि शिरांनी ताठ. पिशवीच्या तोंडाशी ती आडवी झाली.

"मी नाही जाणार."

"अगं, तुझी आई गेली, आजी गेली," सुरण म्हणाला. "त्यांनी कधी तोंड उघडलं का?"

"उघडणार कसं, सुरणकाका? तुम्ही गाठ मारली होतीत."

लसूण फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. भोपळा मात्र रागावला नाही. "राहू दे तिला परसात," तो म्हणाला. "दोन दिवसांत वास सुटेल. मग आपणच येईल पिशवी मागत."

परसात एक मडके पडून होते. तळाला भोके पडली म्हणून पाण्याने त्याला सोडले होते. साल त्यात उतरली. पिशवी फाडून तिच्यामागोमाग कांद्याची टरफले, केळीच्या साली, मेथीच्या काड्या आणि चहाचा चोथा आला. भोपळ्याच्या थोरल्या भावाच्या बियाही आल्या. त्या भावाचे नाव भोपळ्याने तो चिरला गेल्यापासून घेतले नव्हते.

सगळे उतरले आणि त्यांनी पहिले काम केले ते हे, की शेजारी पडलेले पत्र्याचे झाकण मडक्यावर घट्ट ओढून घेतले. कोणी सांगितले नव्हते. आपण दिसू नये, एवढेच त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते.

दोन दिवसांत वास सुटला. आत ओल कोंडली, अळ्या झाल्या, साल बुळबुळीत होऊन तळाशी बसली. टोपलीत हशा पिकला. "काय गं, कसं काय चाललंय स्वराज्य?" सुरणाने वरूनच विचारले.

काड्या रडू लागल्या. पिशवी बरी होती, असे केळीची साल उघड म्हणाली. तेव्हा चहाचा चोथा कडवटपणे म्हणाला, "बाई, हीसुद्धा पिशवीच आहे. फक्त गाठ या वेळी आपण मारली."

दोडक्याची साल तळातून वर सरकली. मग तिने सगळ्यांना एका बाजूला रेटायला लावले आणि झाकण ढकलून दिले. ते परसात खणखणत गेले. मडक्यात ऊन आले, वारा आला, माश्याही आल्या. साल काठावरून ओरडली ती वाळलेल्या पानांना. त्या पानांना राज्यात रोज झाडून जाळत असत.

"आम्ही ओल्याने कुजतोय, तुम्ही कोरडे म्हणून जळताय. या आत!"

पाने आली. एक थर ओला, एक कोरडा, असे सगळे बसले. अधूनमधून खालचे वर येत आणि वरचे खाली जात. हळूहळू वास गेला. मडक्याच्या पोटात ऊब धरली. मग टरफल कोणते आणि पान कोणते, केळीचे कोण आणि मेथीचे कोण, हे ओळखू येईना.

"कोण कुठला, काही धरबंध उरला नाही," सुरण म्हणाला. पण त्या दिवसांत टोपलीत धुके कमी आले, हे त्यालाही जाणवले होते.

आणि मग भोपळ्याच्या बुडाशी मऊ डाग पडला. विळी त्याच्यासमोर बसली.

सुरण घाईने मागच्या दाराशी आला. या वेळी त्याचा आवाज मवाळ होता. "आजोबांची साल निघते आहे. त्यांना डोंगरावर धाडणं काही शोभत नाही. तुमच्यात घ्या. पण असे उघड्यावर, कांद्याच्या टरफलांत कसे बसतील ते? वर एक पितळी झाकण घाला. आणि जरा वेगळा कोपरा द्या."

"नाही," मडक्यातून उत्तर आले. ते सालीचे होते की सगळ्यांचे, हे आता सांगता येत नव्हते.

"अगं, वडीलधारे आहेत ते!"

"यायचं तर उघडं यायचं. आणि कोपरा कुठून देऊ, सुरणकाका? मडकं गोल आहे."

सुरणाने पुढचे बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. टोपलीतले बाकीचेही वाकून पाहू लागले. मडक्याच्या काठावरून एक वेल परसात उतरला होता, पडलेल्या झाकणावरून पुढे गेला होता. त्याच्या देठाशी, वाळके फूल अजून बुडाला चिकटलेला, मुठीएवढा भोपळा धरला होता. त्याच्या अंगावर लाल भोपळ्याच्या थोरल्या भावाच्या अंगावर होत्या तशाच खोल खाचा पडल्या होत्या.