निळकेशरीचे बी

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांच्याही वर डोके काढून उभा होता, तिथे रुद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. डोंगरमाथ्यावर निळकेशरी फुलत असे. दुसरीकडे कुठेही ती उगवत नसे. राजाला तिचा लोभ जडला. तिच्याभोवती साधा तेरडा आणि गवत माजावे, हे त्याला खपेना. त्याने निळकेशरीचे सगळे बी गोळा करवून सोन्याच्या पेटीत घातले, पेटी खजिन्यात ठेवली आणि सगळा उतार पेटवून दिला.

डोंगरात करंजा नावाची जादूगारीण राहत होती. मुठीत राख घेऊन ती दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, आजपासून तुझ्या राज्यात एकही बी रुजणार नाही." राख तिने सिंहासनापुढे फेकली आणि ती निघून गेली.

पेरलेले दाणे जमिनीत खड्यांसारखे पडून राहिले. कोठारे रिकामी झाली, गावेच्या गावे परमुलखाला निघाली. राजकन्या शाल्मलीला जिने वाढवले, ती दाई भुकेने गेली. शाल्मली रडली नाही. बापाचा तिला इतका संताप आला की डोळ्यांतले पाणी आटून गेले. ती तडक डोंगर चढली.

करंजेने तिला बस म्हटले नाही. शाप उतरवायचा तर गुहेपुढच्या मातीत तीन बिया रुजवून दाखव, असे बजावले; तेवढ्याच मातीला शाप नव्हता.

पहिले बी रानवेलीचे, गोटीसारखे टणक. शाल्मलीने ते पेरले, पाणी घातले, वाट पाहिली. काही उगवेना. तिने ते उकरून काढले आणि रागाने कातळावर आपटले. कवच तडकले. तडकलेले बी पुन्हा पेरले, तसा त्यातून कोंब आला.

दुसरे बी उंबराचे. तिने फळ पुरले, ते कुजून गेले. वरच्या फांदीवरून धनेश पक्षी म्हणाला, "मला वगळून उंबर लावतेस?" कुणापुढे हात पसरण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती, तरी तिने दुसरे फळ त्याच्यापुढे धरले. धनेशाने ते गिळले. त्याची विष्ठा गुहेच्या तोंडाशी पडली आणि तिथे रोप उगवले.

तिसरे बी निळकेशरीचे. ते बापाच्या पेटीत होते.

शाल्मली राजवाड्यात परतली, तेव्हा राजा खजिन्यात पेटीला बिलगून बसला होता. शाप पेटीवरही होता. झाकणावरचा त्याचा हात मनगटापर्यंत दगड होऊन तिथेच चिकटला होता.

"महाराज, पेटी उघडा."

"हे बी दुर्मीळ आहे, शाल्मली."

"ते तुम्ही दुर्मीळ केले. माझी दाई साधी बाई होती. तिच्यासारखी दुसरी मला कोणत्या पेटीत मिळेल?"

राजाने दुसऱ्या हातानेही झाकण दाबून धरले. शाल्मलीने लोहारशाळेतून घण आणला आणि पेटीच्या बिजागरीवर घातला. राजा कळवळला. ती थांबली नाही. झाकण निखळले, बी घेऊन ती माघारी गेली.

गुहेपुढची माती उन्हात तापत होती. तिथे निळकेशरीचे बी वाळून गेले. तिने पुन्हा पेरले, पुन्हा तेच. तेव्हा धनेशाने सांगितले की निळकेशरी एकटी उगवलेली त्याने कधी पाहिली नाही. तिचा कोंब तेरड्याच्या सावलीतच जगतो. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला थोडा तेरडा आगीतून वाचला होता. शाल्मलीने तिथल्या शेंगा आणल्या. हात लागताच त्या फुटल्या, बी चौफेर उडाले. तेरडा वाढला, त्याची सावली पडली, आणि त्या सावलीत निळकेशरीने दोन पाने काढली.

त्याच क्षणी राज्यभर जमिनी तडकल्या आणि दाण्यांना मोड आले. गेलेली गावे परतली. प्रजेने शाल्मलीला सिंहासनावर बसवले. राजाचा हात झाकणापासून सुटला, पण दगडाचाच राहिला.

करंजा म्हणाली, "शाप उतरला. माझा राग उतरलेला नाही."

"माझाही नाही," शाल्मली म्हणाली.

मग तिने राणी म्हणून पहिला हुकूम काढला: रुद्रसेनाने डोंगरावर राहावे, उरलेल्या हाताने तेरडा आणि गवत पेरावे, आणि जळलेला उतार हिरवा झाल्याखेरीज खाली येऊ नये. उतार फार मोठा होता.